शरीररचना अध्यापनातील शवसंलेपन

देहदानातून किंवा बेवारस म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेला मृतदेह विच्छेदनाच्या टेबलावर महिनोन्‌महिने टिकावा, यासाठी त्याच्या रक्तवाहिन्यांतून रसायने भरण्याची आणि नंतर तो रसायनात बुडवून ठेवण्याची प्रक्रिया. महाविद्यालयांत तिला सरसकट ‘एम्बाल्मिंग’ म्हणतात. अंत्यदर्शनासाठी किंवा परदेशातून देह विमानाने गावी आणताना जे एम्बाल्मिंग होते, ते याहून बरेच सौम्य असते. तिथे चेहरा थोडे दिवस शाबूत राहिला की काम झाले, त्यामुळे रक्त काढून टाकून हलके द्रावण भरतात. अध्यापनासाठी चेहऱ्याचा रंग गौण ठरतो. मांडीच्या खोल स्नायूंपासून तळहातातल्या बारीक चेतांपर्यंत (मज्जातंतूंपर्यंत) सगळे वर्ष-दोन वर्षे टिकले पाहिजे. म्हणून द्रावण तीव्र असते आणि रक्त बहुधा काढले जात नाही.

मृत्यूनंतर शरीराची मोडतोड दोन बाजूंनी सुरू होते. पेशींतली विकरे (एन्झाइम) त्याच पेशी पचवू लागतात आणि आतड्यांतले जीवाणू आतून बाहेर पसरतात. स्वादुपिंड आणि आतड्यांचे अस्तर सर्वांत आधी जाते, हाडे सर्वांत शेवटी. तापमान वाढले की दोन्ही क्रियांना वेग येतो. संलेपनाने पेशींतली विकरे निकामी व्हावी लागतात, जीवाणू व बुरशी मरावी लागते आणि तरीही ऊती कापता येतील इतक्या मऊ राहाव्या लागतात. पहिल्या दोन गोष्टी साधल्या की तिसरी बिघडते. या विषयातल्या बहुतेक पद्धती म्हणजे या एका अडचणीवर काढलेले वेगवेगळे तोडगे आहेत.

पूर्वेतिहास

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह अभ्यासण्याची जी रीत दिली आहे, ती संलेपनाच्या बरोबर उलट आहे. आतड्यांतला मळ काढून, मुंज गवत, साल, कुश किंवा ताग यांपैकी एकाने देह गुंडाळून, पिंजऱ्यात घालून नदीत आडोशाला बांधून ठेवायचा. सात रात्रींनी तो नीट कुजला की बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहायचा. इथे कुजणे हीच सुरी आहे. त्या देहासाठी घातलेल्या अटी मात्र आजच्या देहदानाच्या अर्जाशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत: सर्व अवयव शाबूत हवेत, विषाने मृत्यू झालेला नसावा, दीर्घ आजार नसावा आणि माणूस शंभरीचा नसावा.

युरोपात रक्तवाहिन्यांतून पदार्थ भरण्याचे कसब सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या फ्रेडरिक राउश याने फार पुढे नेले. अशा नमुन्यांचा त्याचा संग्रह १७१७ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने विकत घेतला. अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम हंटरने धमनीतून द्रव सोडण्याची पद्धत व्यवस्थित बसवली. पुढे फ्रान्समध्ये गनाल या रसायनतज्ज्ञाने ॲल्युमिनियमचे क्षार वापरले. आर्सेनिकही मुबलक वापरात होते, पण त्याने हाताळणाऱ्याला बाधा होई आणि विषप्रयोगाचा पुरावाही झाकला जाई. फ्रान्सने १८४६ मध्ये संलेपनात त्यावर बंदी घातली. भरवशाचे द्रव्य नसल्याने युरोपातली विच्छेदने प्रामुख्याने हिवाळ्यात उरकत. भारतात कलकत्ता मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केले आणि मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये उघडले, तेव्हा फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचे द्रावण) यायला अजून अर्धे शतक होते.

फॉर्माल्डिहाइडची ओळख रसायनशास्त्राला १८५०-६० च्या दशकांत झाली होती, पण ऊती टिकवण्याचा त्याचा गुण फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लुमने १८९३ मध्ये दाखवला. जंतुनाशक म्हणून ते तपासताना बोटांची कातडी कडक होते, हे त्याच्या लक्षात आले. त्यानंतर काही वर्षांतच जुनी द्रव्ये मागे पडली.

फॉर्मॅलिनची पद्धत

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातले ३७ ते ४० टक्के द्रावण. ते साठवणीत गोठून पांढरा साका धरू नये म्हणून त्यात थोडे मिथेनॉल घातलेले असते. विद्यार्थी इथे हमखास घोटाळा करतात: ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ याचा अर्थ बाटलीतल्या फॉर्मॅलिनचा एक भाग व नऊ भाग पाणी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचे रेणू प्रथिनांच्या अमिनो गटांना चिकटतात आणि शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. या जाळ्यात विकरे अडकून निकामी होतात, जीवाणूंची प्रथिनेही त्यातून सुटत नाहीत. द्रव ऊतींत लवकर शिरतो, पण हे पूल पक्के व्हायला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून नुकताच संलेपन केलेला देह लगेच विच्छेदनाला घेत नाहीत.

एकट्या फॉर्मॅलिनने देह लाकडासारखा होतो, त्यामुळे द्रावणात इतर घटकही घालतात. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. फिनॉल किंवा ओव्याच्या तेलात आढळणारे थायमॉल बुरशीला रोखते. स्पिरिटमुळे द्रव पसरायला मदत होते, सोडियम सायट्रेट रक्ताच्या गुठळ्या सैल करते, बोरॅक्स आम्लता आटोक्यात ठेवते. इओसिनचा लालसर रंग द्रव कुठवर पोहोचला ते दाखवतो. प्रत्येक विभागाचे प्रमाण थोडे वेगळे असते आणि ते बहुधा डिसेक्शन हॉलमधल्या जुन्या अटेंडंटला तोंडपाठ असते.

द्रव भरण्यासाठी साधारणपणे मांडीच्या वरच्या टोकाशी छेद घेऊन फीमरल धमनी उघडतात. गळ्यातली कॅरॉटिड धमनी हृदयाला जवळची असली, तरी मान हा विद्यार्थ्यांनी शिकण्याचा महत्त्वाचा भाग असल्याने तिथली रचना बिघडवायची नसते. धमनीत कॅन्युला (बारीक नळी) बसवून आधी तिचे तोंड हृदयाकडे करतात आणि मग फिरवून पायाकडे, नाहीतर तोच पाय कोरडा राहतो. द्रावणाची टाकी टेबलापासून दीड-दोन मीटर उंच टांगून गुरुत्वाने द्रव सोडतात किंवा पंप वापरतात. घाई केली तर बारीक वाहिन्या फुटतात आणि द्रव भलतीकडेच साचतो. प्रौढ देहाला साधारण ८ ते १० लिटर द्रावण लागते, क्वचित जास्त. बोटांची टोके, कानाच्या पाळ्या आणि पापण्या टचटचीत झाल्या, त्वचेवर काटा आल्यासारखे दिसले, नाकातोंडातून फेस आला की द्रव सर्वत्र गेला असे समजतात. गुठळीने वाट अडलेला अवयव मऊच राहतो. मग काखेतली किंवा गळ्यातली धमनी स्वतंत्रपणे उघडावी लागते. पाठ आणि नितंब टेबलावर दाबले गेलेले असतात, तिथे जाड सुईने जागोजागी द्रव टोचतात.

यानंतर देह १० टक्के फॉर्मॅलिनच्या हौदात काही आठवडे ते काही महिने ठेवतात. विच्छेदन सुरू झाल्यावर खरा शत्रू हवा असतो. बोटे आणि चेहरा आधी सुकतात, पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. फिनॉल-ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून वर प्लॅस्टिक टाकणे, हा रोजचा उपाय कंटाळवाणा असला तरी त्याच्यावाचून भागत नाही. मेंदूला धमन्यांतून द्रव पुरेसा मिळत नाही, म्हणून तो अनेकदा वेगळा काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. भांड्याच्या तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून त्याला तळाच्या बेसिलर धमनीखालून दोरा घालून अधांतरी टांगतात.

मृत्यू आणि कॅन्युला यांमधले तास

पुस्तकांत चर्चा असते ती द्रावणांच्या प्रमाणांची. उष्ण प्रदेशात मात्र निकाल बहुधा त्याआधीच लागलेला असतो. शीतपेटी नसेल तर मृत्यूनंतर सहा-आठ तासांत द्रव भरला जाणे इष्ट. एप्रिल-मे महिन्यांत हा अवधी आणखी आखडतो. पोट हिरवट होऊन फुगू लागल्यावर कितीही उत्तम द्रावण भरले, तरी आतडी आणि स्वादुपिंड परत मिळत नाहीत. देहदानाच्या बाबतीत हे तास नातेवाइकांची वाट पाहण्यात, अंत्यदर्शनात, वाहन मिळवण्यात आणि कागदपत्रांत जातात. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला (घरी निधन झाल्यास नमुना ४-अ) नसेल तर महाविद्यालय देह घेऊ शकत नाही. रात्री-बेरात्री तो दाखला देणारा डॉक्टर शोधणे, हीच कुटुंबाची सर्वांत मोठी धावपळ असते. दात्याने वर्षानुवर्षांपूर्वी भरलेला अर्ज ही इच्छेची नोंद झाली, प्रत्यक्ष देह द्यायचा की नाही हे वारसांच्या हाती राहते.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू, शवपरीक्षा (पोस्टमॉर्टेम) झालेला देह, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, क्षयरोग, मोठ्या शय्याक्षता (अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा), अतिस्थूलता या कारणांनी देह नाकारला जातो. शवपरीक्षेत रक्तवाहिन्या कापल्या गेल्याने भरलेला द्रव बाहेर वाहून जातो, म्हणून ती अट केवळ कायद्याची नाही. नेत्रदान केलेला देह मात्र स्वीकारतात. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजाराचे प्रिऑन (रोग पसरवणारी प्रथिने) फॉर्मॅलिनने मरत नाहीत, उलट अधिक चिवट होतात. त्यामुळे कारण न कळलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत विशेष सावधगिरी लागते.

महाराष्ट्रात महाविद्यालयांना देह मिळण्याचा पाया १९४९ च्या मुंबई ॲनाटॉमी कायद्याने घातला. बेवारस मृतदेह अध्यापन संस्थांना देण्याची तरतूद त्यात आहे. देहदानाची चळवळ वाढली तसा दात्यांच्या देहांचा वाटा वाढत गेला. मूळचे हिंगोली जिल्ह्यातले नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला वारले, त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार दिल्लीच्या एम्सला देण्यात आला. संलेपनाच्या दृष्टीने दात्याचा देह बेवारस देहापेक्षा बहुधा चांगला ठरतो, कारण मृत्यूची वेळ नेमकी माहीत असते आणि आजारांचा इतिहास हाती असतो.

फॉर्मॅलिनचे दोष

डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, हातांवर पुरळ हे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रस्थापित झाला होता, पुढे रक्ताच्या कर्करोगाचीही भर पडली. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा दर दहा लाख भागांत ०.७५ भाग इतकी आहे. सर्वाधिक वाफ येते ती छाती-पोट उघडताना आणि खाली वाकून बारीक काम करताना. छताजवळ बसवलेला एक्झॉस्ट पंखा ही वाफ विद्यार्थ्याच्या नाकावरूनच वर ओढतो. हवा टेबलाच्या कडेने खाली खेचणारी व्यवस्था हवी, पण ती महाग पडते. लॅटेक्सपेक्षा नायट्रिलचे मोजे जास्त संरक्षण देतात.

अध्यापनाच्या बाजूने तक्रार वेगळी आहे. सगळे एकाच करड्या-तपकिरी रंगाचे होते. धमनी, शीर आणि चेता ओळखायला शिकलेला विद्यार्थी शस्त्रक्रियागृहात जिवंत रंग पाहून गोंधळतो. सांधे वाकत नाहीत, फुप्फुसे फुगत नाहीत.

इतर पद्धती

या तक्रारीवर सर्वांत समाधानकारक उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राट्स येथील वॉल्टर थील यांनी दिले. सुमारे तीस वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनी १९९२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. बोरिक आम्ल, अमोनियम व पोटॅशियम नायट्रेट, सोडियम सल्फाइट, ग्लायकॉल, क्लोरोक्रेसॉल आणि अगदी थोडे फॉर्मॅलिन अशा मिश्रणाने देह भरून काही महिने हौदात ठेवतात. रंग बऱ्याच अंशी टिकतो, सांधे हलतात, पोटात वायू भरून दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकवता येते, भूलतज्ज्ञांना अल्ट्रासाउंडखाली चेतेजवळ सुई नेण्याचा सराव मिळतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाने आपली सगळी शवव्यवस्थाच या पद्धतीवर उभी केली. दोषही आहेत: स्नायूंची सूक्ष्मरचना बिघडते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला या ऊती उपयोगी नाहीत आणि खर्च मोठा आहे. भारतात आणखी एक अडथळा आहे. अमोनियम नायट्रेट स्फोटकांतही वापरले जात असल्याने २०१२ च्या नियमांनी त्याची खरेदी व साठवण परवान्याशी बांधली आहे. पदव्युत्तर शल्यचिकित्सेसाठी थीलची पद्धत योग्य वाटते. पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गासाठी तिचा खर्च समर्थनीय नाही.

मधला मार्ग मिठाचा आहे. कोलमन आणि कोगन यांनी १९९८ मध्ये मीठ भरपूर आणि फॉर्मॅलिन कमी असे द्रावण मांडले. मीठ ऊतींतले पाणी जीवाणूंना मिळू देत नाही, देह लवचिक राहतो, वास कमी येतो, सामग्री कुठेही मिळते. लोखंडी हत्यारे व टेबले मात्र गंजतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी ही पद्धत अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

शस्त्रक्रियेच्या कार्यशाळांसाठी देह रसायनाशिवाय उणे २० अंश सेल्सिअसला गोठवूनही ठेवतात. ऊती जिवंत ऊतींच्या सर्वांत जवळ राहतात, पण वितळल्यावर काम थोड्या दिवसांत संपवावे लागते आणि संसर्गाची जोखीम कायम राहते. प्लॅस्टिनेशनमध्ये देहातल्या पाण्याची जागा आधी थंड ॲसिटोन आणि मग निर्वातात सिलिकॉन घेते. हायडेलबर्गच्या गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये ही पद्धत काढली. असे नमुने कोरडे, बिनवासाचे आणि वर्षानुवर्षे हाताळण्याजोगे असतात. त्यांवर सुरी चालवून शिकता येत नाही, त्यामुळे ते संग्रहालयाला अधिक शोभतात.

विच्छेदनानंतर

सुट्या ऊती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात आणि त्यांचे दहन किंवा खोल दफन होते. हाडे स्वच्छ करून अध्यापनासाठी राखून ठेवतात. स्वीकारलेला देह कुटुंबाला सहसा परत दिला जात नाही, आणि हे अर्ज भरतानाच दात्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगितलेले बरे. हौदातले वापरलेले फॉर्मॅलिन थेट गटारात सोडता येत नाही, आधी ते रासायनिक प्रक्रियेने निष्प्रभ करावे लागते.