नॉर्वेजियन भाषा : शब्दसंग्रह आणि पूर्वपीठिका

इंडो-यूरोपियन कुटुंबातील जर्मानिक शाखेच्या उत्तर गटातली एक भाषा. डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक आणि फेरोज यांच्याप्रमाणे तीही जुन्या नॉर्स भाषेतून निघाली. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख असून बहुतेकांची ती मातृभाषा आहे. नवशिक्याला तिचे व्याकरण फारसे छळत नाही: क्रियापद पुरुषाप्रमाणे वा वचनाप्रमाणे बदलत नाही, विभक्तिप्रत्यय जवळजवळ गळून गेले आहेत. तो अडखळतो तो शब्दांपाशी. एकाच शब्दाची दोन-दोन, तीन-तीन रूपे शुद्ध मानली जातात आणि बोलीत त्यांत आणखी भर पडते. ‘मी’साठी पुस्तकात ‘यै’ किंवा ‘एग’ असते; त्रोंडहाइमच्या रस्त्यावर नुसते ‘ॲ’ ऐकू येते.

हा गुंता इतिहासाने घातलेला आहे. १३४९ मध्ये बर्गन बंदरातून प्लेग देशात शिरला आणि लिहिता वर्ग मोठ्या संख्येने मेला. १३९७ च्या काल्मार संघानंतर, म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन एका राजसत्तेखाली आल्यावर, सत्तेचे केंद्र हळूहळू कोपनहेगनला सरकले. धर्मसुधारणेनंतर बायबल आले तेही डॅनिशमध्ये. त्याआधीपासूनच बर्गनमध्ये ठाण मांडून बसलेल्या हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांकडून उत्तर जर्मनीच्या ‘लो जर्मन’ बोलीतले शब्द भराभर आले होते. ‘बेताले’ (पैसे देणे), ‘स्नाक्के’ (बोलणे) हे रोजचे शब्द मूळचे त्यांचे. ‘बे-’सारखे उपसर्ग आणि ‘-हेत’सारखे प्रत्ययही त्यांनीच दिले.

१८१४ मध्ये डेन्मार्कशी संबंध तुटला, पण लिखाण डॅनिशच राहिले. त्यावर दोन उपाय पुढे आले. शाळामास्तर क्नुद क्नुडसेन (१८१२–१८९५) याने शहरी सुशिक्षितांच्या उच्चाराप्रमाणे डॅनिश लेखन बदलत न्यावे असे सुचवले. इवार ओसेन (१८१३–१८९६) हा शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला. १८४२ पासून तो गावोगाव पायपीट करत शब्द टिपत राहिला आणि बोलींमधून त्याने नवी लेखनभाषा उभी केली. त्याचे व्याकरण १८४८ मध्ये आणि शब्दकोश १८५० मध्ये निघाला. जर्मन वळणाचे शब्द त्याने शक्य तिथे वगळले. म्हणूनच ‘प्रेम’ एका भाषारूपात ‘श्यार्लिहेत’, तर दुसऱ्यात ‘श्यार्लैक’ होते. १८८५ मध्ये संसदेने दोन्ही रूपांना समान दर्जा दिला. १९२९ पासून डॅनिशमधून बदलत आलेल्या रूपाला ‘बूकमोल’ आणि ओसेनच्या रूपाला ‘नीनॉर्स्क’ म्हणतात.

पुढे दोन्हींचे मिलन घडवून एकच भाषा करण्याचा सरकारी घाट घातला गेला. लोकांना तो मानवला नाही. ‘पुस्तक’ हा शब्द निश्चित अर्थाने (‘ते ठरावीक पुस्तक’) ‘बूकेन’ लिहायचा की ‘बूका’, यावरून १९५० च्या दशकात ऑस्लोतले पालक मुलांची पाठ्यपुस्तके स्वतः पेनाने दुरुस्त करू लागले. अखेर २००२ मध्ये संसदेने एकीकरणाचे ध्येय सोडले. बूकमोल वापरणारे बहुसंख्य आहेत, पण नीनॉर्स्क म्हणजे खेडवळ भाषा असे समजणे चूक ठरेल: २०२३ चे साहित्याचे नोबेल मिळालेले यून फॉसे नीनॉर्स्कमध्येच लिहितात.

शब्द जोडून नवा शब्द घडवण्याची सोय या भाषेत भरपूर आहे. ‘स्यूक’ म्हणजे आजारी, ‘हूस’ म्हणजे घर. ‘स्यूकेहूस’ म्हणजे रुग्णालय. जोडशब्द तोडून लिहिणे ही शाळेत नेहमी पकडली जाणारी चूक असते, आणि ती महागात पडते. ‘लाम्मेलोर’ म्हणजे कोकराची मांडी; मध्ये मोकळी जागा सोडली की त्याच्या लुळ्या मांड्या होतात. सुरावटीनेही अर्थ बदलतो. ‘शेतकरी’ (अनेकवचन) आणि ‘घेवडे’ यांच्या शब्दांचे ध्वनी पूर्व नॉर्वेत तेच असतात. फरक फक्त स्वराच्या चढउताराचा.

मराठी वाचकाला काही शब्द ओळखीचे वाटतील. ‘नाव्न’ म्हणजे नाव, ‘डोर’ म्हणजे दार, ‘तान’ म्हणजे दात. ही उसनवारी नव्हे, फार जुने नाते आहे. मात्र ‘तुम्ही’-‘आपण’ची जागा इथे रिकामी आहे: आदरार्थी ‘दी’ व्यवहारातून जवळपास गेला असून अनोळखी वृद्धालाही ‘दू’च म्हणतात.

अंकांची गोष्ट तर मराठी माणसाला अधिक जवळची. पूर्वी २२ ला ‘तू ओ त्यूवे’, म्हणजे ‘दोन आणि वीस’ म्हणत. आपल्या ‘बावीस’सारखे एकक आधी. टेलिफोनचे आकडे सांगताना गोंधळ होतो म्हणून संसदेने १९५१ पासून ‘श्यूएतू’, म्हणजे ‘वीस-दोन’, असा क्रम लागू केला. शाळा आणि आकाशवाणीने तो पाळला. घरांत जुना क्रम आजही ऐकू येतो. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात उठलेला गदारोळ ज्यांना आठवतो, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परदेशी विद्यार्थी बहुधा बूकमोलपासून सुरुवात करतात. ते ठीकच, पण कान बोलींसाठी तयार ठेवावे लागतात, कारण प्रमाण उच्चार असा कायद्याने ठरलेला नाही आणि मंत्रीसुद्धा आपल्या गावच्या बोलीत भाषण करतात. दोन्ही लेखनरूपांचे अधिकृत शब्दकोश भाषा परिषद आणि बर्गन विद्यापीठ यांनी इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. शब्द शोधताना त्याची सर्व मान्य रूपे तिथेच पाहून घ्यावीत.