परदेशी शिकायला निघालेली गोव्याची मुलगी आणि तिच्या पाठीशी असलेलं माणूस

आज मेंटॉर म्हटलं की अर्जाबरोबरचा निबंध तपासून देणारी ताई डोळ्यांसमोर येते. पूर्वी हे काम बरंच मोठं होतं. प्रवेशाचं दार उघडायचं, पैशांची वाट काढायची आणि पोचल्यावर घर द्यायचं.

आनंदीबाई जोशींचंच पाहा. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी 1880 मध्ये दंतवैद्याकडे बसल्या असताना एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा पत्रव्यवहार वाचला आणि स्वतःहून पत्र घातलं. पत्रं चालू राहिली, आणि 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात अधिष्ठाता रेचल बॉडली पाठीशी होत्या. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. पण तिथली थंडी आणि न मानवणारं जेवण यांवर कुणालाच उपाय सापडला नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला क्षयाने त्या गेल्या. म्हणूनच मुलगी काय खाते, खोलीत ऊब आहे का, हे विचारणंही मेंटॉरचंच काम. रखमाबाईंना 1889 मध्ये डॉक्टरकी शिकायला लंडनला जाताना असाच आधार मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी दिला.

गोव्याची वाट मात्र वेगळी होती. पोर्तुगीज शिकलेल्यांची नजर लिस्बनकडे असे, तर मराठी शाळेत शिकलेल्या हिंदू घरांतली मुलं मुंबई, पुणे, बेळगाव गाठत आणि जमलं तर तिथून पुढे जात. साखवाळचे धर्मानंद कोसंबी याच वाटेने गेले. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांनी 1910 मध्ये पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेला बोलावलं. 1918 मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर घेतलं. हार्वर्ड तेव्हा बायकांना घेत नसे, म्हणून माणिकताई शेजारच्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकल्या. वडिलांनी बांधलेलं नातं लेकीच्या उपयोगी पडलं. ज्या घरात असे वडील नव्हते, तिथल्या मुलीला हे दार दिसलंही नसेल.

ती उणीव संघटनांनी थोडी भरून काढली. विद्यापीठात शिकलेल्या स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1919 मध्ये उभा राहिला, आणि पदवीधर बायका परक्या देशातल्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं उभारू लागल्या. पण पोचल्यावरही अडचणी येत. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. तिथे त्यांचे मार्गदर्शक डेरेक रिक्टर मध्येच निघून गेले आणि काम रॉबिन हिल यांच्या हाताखाली पुढे चाललं. असं आजही होतं, म्हणून संशोधनाला जाणाऱ्या मुलीने त्याच विभागातल्या दुसऱ्या मार्गदर्शकाचं नावही आधीच हेरून ठेवावं.

गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, 1985 मध्ये स्वतःचं विद्यापीठ आलं. माहिती आता फोनवर मिळते. अडतं ते कागदांत.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचं उदाहरण घेऊ. शिल्लक राहिलेली फी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस हवी, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या 31 दिवसांतला असावा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी 28 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. साधारणपणे खातं मुलीचं किंवा आईवडिलांचं लागतं. गल्फमधल्या मामाचे पैसे मामाच्याच खात्यात ठेवून भागत नाही, ते वेळेत इकडे वळवावे लागतात.

खातं वडिलांचं असलं की नातं दाखवायला जन्मदाखला लागतो, आणि इथे गोव्याची खास अडचण येते. पोर्तुगीज वळणाच्या नोंदीत 'क'साठी 'सी' किंवा 'क्यू' लिहीत. त्यामुळे जुन्या दाखल्यातल्या नाईक आडनावाच्या शेवटी 'क्यू-यू-ई' असतं, आणि पासपोर्टवर 'के'. कामत, काकोडकर यांचंही तेच. उच्चार एकच असला, तरी कागद तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पण मूळ नोंदच दुरुस्त करायची तर महिने जातात. म्हणून प्रवेश मिळाल्याच्या पत्राची वाट न पाहता, अर्ज भरायच्या आधीच मुलीचा आणि आईवडिलांचा जन्मदाखला, पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक नावाचं एकेक अक्षर ताडून पाहावं.