गोगलगायींना अंड्याच्या टरफलांचं भय नाही

नागपूरच्या उन्हाळ्यात गोगलगाय तग धरते, यावर बाहेरगावच्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण कूलरच्या स्टँडखालची जागा जरा वाकून बघा. टाकीतून ठिबकणारं पाणी आणि तिथेच सावलीला सरकवलेल्या चार कुंड्या. भर मे महिन्यातही तिथली ओल तुटत नाही. कुंडी उचलली की बुडाच्या भोकाशी बिनशंखाची काळपट गोगलगाय अंग मुडपून बसलेली सापडू शकते. शंखवालीला तर तेवढ्या ओलीचीही गरज नसते. ती शंखाच्या तोंडावर चिकट स्रावाचा पडदा धरते, तो वाळून कडक होतो आणि बाई महिनोन्‌महिने आत निजून राहतात. मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की दोघीही बाहेर.

मग एका सकाळी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, कोवळ्या रोपांचे नुसते देठ उरतात. झेंडूचं रोप जमिनीलगत कापलेलं दिसतं. पालकाच्या पानाला मधोमध वेडीवाकडी भोकं. हे अळीचं काम की गोगलगाईचं, हे ओळखायचं तर पान उन्हाकडे तिरपं धरा. वाळलेल्या स्रावाची चंदेरी रेघ दिसली की चोर सापडला. गोगलगाईच्या तोंडात हजारो सूक्ष्म दातांची एक पट्टी असते. किसणीसारखी ती पानावर घासत जाते, पुढचे दात झिजले की मागून नवे सरकतात. म्हणूनच कोवळ्या पानांवर तिचा डोळा. जून, जाड पानाच्या वाटेला ती सहसा जात नाही.

यावरचे घरगुती उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतात: अंड्याची टरफलं, राख, चुना, मीठ, कॉफी. यातले राख-चुन्यासारखे उपाय एका साध्या कारणाने फसतात. ते कोरडे असताना काम करतात आणि गोगलगाय बाहेर पडते ती सगळं ओलं असताना.

हे नीट कळण्यासाठी तिचं चालणं समजून घ्यायला हवं. गोगलगाय जमिनीवर चालत नाही. ती स्वतःच पसरलेल्या स्रावाच्या थरावर चालते. हा स्राव मोठा विलक्षण पदार्थ आहे. त्यात बहुतेक पाणीच, पण शर्करा जोडलेल्या प्रथिनांच्या लांबलचक रेणूंचं जाळं ते पाणी धरून ठेवतं. त्याच्यावर थोडा ताण आला तर तो घट्ट राहतो, जास्त आला तर एकदम वाहू लागतो आणि ताण गेला की पुन्हा घट्ट होतो. पायाच्या स्नायूंतून लाटा जातात. लाटेखालचा स्राव पातळ होऊन पुढे सरकू देतो, बाकीचा चिकटून आधार देतो. म्हणून ती भिंतीवर चढते, काचेवर उलटी लटकते आणि धारदार कडेवरूनही न कापता जाते. १९८०च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी या चालण्याचा हिशेब मांडला. तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत गोगलगाईला तेवढंच अंतर कापायला सुमारे बारापट ऊर्जा लागते, आणि त्यातला मोठा वाटा स्राव तयार करण्यावर जातो.

आता टरफलांचं बघा. चुरा टोचेल म्हणून ती थांबेल ही आपली कल्पना, कारण आपण अनवाणी पायाने विचार करतो. तिच्या पायाखाली स्रावाची गादी असते. उलट शंख बांधायला तिला कॅल्शियम हवंच असतं. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी त्यासाठी भिंतींचा चुनासुद्धा खरवडतात. आपण तिच्यासमोर टरफलं मांडतो म्हणजे एक प्रकारे पाहुणचारच. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने टरफलं, खडी, पाइनच्या सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि तांब्याची पट्टी या पाचही गोष्टी लेट्यूसच्या वाफ्यांत तपासल्या. २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला: काहीही न घातलेल्या वाफ्यांइतकंच नुकसान या वाफ्यांतही झालं. तांब्याची गंमत अशी की गोगलगाईच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्य तांबंयुक्तच असतं, त्यामुळे तिचं रक्त निळसर दिसतं.

राख आणि चुन्याची भुकटी थोडी वेगळी. कोरड्या असताना त्या स्रावातलं पाणी शोषून घेतात, आणि इतका महागडा स्राव वाया घालवणं तिला परवडत नाही. शेताच्या बांधालगत चुन्याचा पट्टा टाकायला कृषी खातं सांगतं, तेही याचसाठी. पण श्रावणातल्या झडीत कुंडीभोवतीची राख रात्रभर कोरडी राहणार कशी? एका सरीत तिचा चिखल होतो. शिवाय आपली काळी माती चुनखडीची, मुळातच अल्कधर्मी. राख आणि चुना तिचा सामू, म्हणजे पीएच, आणखी वाढवतात. मग मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. संत्र्याच्या बागाइतदारांना हे लक्षण वेगळं सांगायला नको.

मिठाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कुंडीत मीठ अजिबात नको. गोगलगाईवर मीठ टाकलं की ती मरते हे खरं. तिची त्वचा पाण्याला अडवत नाही, बाहेर क्षार जास्त झाले की शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि ती फेसाळत आक्रसून जाते. पण ते मीठ जातं कुठे? मातीत. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवतं. त्याच्या जागी मिठातलं सोडियम बसलं की कण सुटे होतात, मातीतली भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असताना गिलावा, वाळली की दगड. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात आणि ती सुधारायला वर्षं लागतात. शेंगदाण्याएवढ्या गोगलगाईसाठी वीतभर कुंडीचं चोपण करून घेण्यात काय अर्थ आहे?

कॉफीच्या उपायामागे मात्र खरं संशोधन आहे. २००२ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलं की १ ते २ टक्के कॅफीनचं द्रावण गोगलगायींना मारतं. अडचण प्रमाणाची. इन्स्टंट कॉफीच्या कपात कॅफीन असतं जेमतेम ०.०५ टक्के, आणि मारण्याइतकं तीव्र द्रावण काही झाडांची पानंही खराब करतं. चहाच्या चोथ्याचं तर नावच नको. आपल्याकडे चहा इतका उकळतात की कॅफीन सगळं आपल्याच पोटात जातं, आणि उरलेला चोथा ओल धरून गोगलगायींना मऊ बिछाना पुरवतो.

तेव्हा भिंत बांधण्यापेक्षा बोलावून पकडणं बरं. आंबलेल्या वासाची गोगलगायींना भारी ओढ. पाश्चात्त्य बागांत त्यासाठी बिअर पुरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मैदा, पाणी आणि यीस्टचं आंबवलेलं साधं पीठही उत्तम आमिष ठरलं. आंबून गेलेलं, खाण्याजोगं न उरलेलं डोशाचं पीठ असेल तर तेही वाटीभर लावून बघा. वाटीची कड मातीच्या किंचित वर ठेवा, म्हणजे गोगलगायींवर जगणारे भुंगेरे आत पडणार नाहीत. वर पावसापासून आडोसा हवा, नाही तर सकाळी नुसतं पाणी.

दुसरा उपाय आपल्या गावशिवारातलाच आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना हाच सांगितला गेला: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी पसरायची आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या. गच्चीवर गोणपाटाचा हातभर तुकडाही पुरतो. पपईची सालं किंवा कोबीची टाकाऊ पानं खाली ठेवली तर आणखी बरं. संत्र्याची सालंही चालतील, पण गोगलगायींचा हंगाम जुलै-ऑगस्टचा आणि तेव्हा नागपुरात संत्रं असतं कुठे!

आणि पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलं की गोगलगायींच्या फिरण्याच्या वेळेला आपणच ओला रस्ता करून देतो. नर्सरीतून नवी कुंडी आणली की बुडाचं भोक तपासा, त्या बहुधा तिथूनच घरात शिरतात. अंगणात भारद्वाज येत असेल तर त्याला हुसकावू नका. मोठी शंखी गोगलगायसुद्धा तो फोडून खातो.

वेचताना हातमोजे घाला किंवा चिमटा वापरा. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायींत वाढतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. कच्चा खायचा पालक, सांभार पान न्‌ पान धुऊन घ्यायचा तो याचसाठी. वेचलेल्या गोगलगायी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भिरकावण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये शंखांवर खुणा करून सोडलेल्या गोगलगायी आपल्या बागेत परत आल्या; सुमारे वीस मीटरच्या आत सोडलं तर काही हाती लागत नाही. आणि मोठ्या आफ्रिकी जातीला लांब नेऊन सोडणं तर आणखी वाईट. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कोलकात्याच्या एका बागेत सोडल्या आणि तिथून त्या देशभर पसरल्या. साबणाच्या दाट पाण्याची बादली जवळ ठेवा, त्यात बुडवा आणि मेल्यावर खोल खड्ड्यात पुरा.