समुद्रासाठी फ्लाय रॉड घेताना

साध्या गळाला शिसं लावतो, ते लाइन ओढत नेतं. फ्लायला, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली आमिषाला, वजन जवळपास नसतंच, तिला जड लाइन घेऊन जाते. म्हणून रॉडवरचा नंबर लाइनचा असतो, माशाच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. 8 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट साधारण 13.6 ग्रॅम भरतात, 12 नंबरचे 24.6 ग्रॅम. हल्ली काही लाइन छापील नंबरापेक्षा जड येतात, तेव्हा खोक्यावरचे ग्रॅम वाचूनच घ्या.

फ्लाय केवढी आणि वारा किती, हे आधी ठरवा. सेशेल्सच्या उथळ वाळूवर बोनफिशला 8 नंबर पुरतो. आपल्या खाडीत जिताड्यासाठी शिशाच्या डोळ्यांची वीतभर फ्लाय लागते, शिवाय दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तिथे 9 घ्या. अंदमानात जीटी (जायंट ट्रेव्हली हा दांडगा मासा) गरवायला मात्र 12च. तो लागला की थेट प्रवाळाकडे धावतो, आणि त्याला रोखायची ताकद रॉडच्या बुंध्यात हवी. एकच रॉड घेणार असाल तर आम्ही 9 सुचवतो, कारण 12 दिवसभर फेकून खांदा भरून येतो.

लांबी 9 फूट, तुकडे चार. रील सीट, म्हणजे रील बसवायची जागा, अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, दोन लॉकनटांची. लाइन 'ट्रॉपिकल'च हवी. थंड पाण्यासाठी बनवलेली इथल्या उन्हात मऊ पडून रॉडवरच्या कड्यांना चिकटते.

दुरुस्तीला येणारे रॉड बहुधा सांध्यात चिरलेले असतात. फेकता फेकता सांधा सैल होतो आणि बाहेरच्या तुकड्याची कड फाटते. जोडताना दोन्ही तुकड्यांवरच्या खुणा पाव फेरी बाजूला ठेवा, मग ढकलत-फिरवत एका रेषेत आणा. सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळा, तासातासाला चाचपून बघा. जड फ्लाय रॉडवर आपटली तर बारीक टवका उडतो. त्या दिवशी काही होत नाही, पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच मोडतो. मासा होडीजवळ आला की रॉड उभा धरू नका, सगळा ताण शेंड्यावर जातो. 45 अंशांच्या वर नको. मासा लागताच रॉड न उचलता हाताने लाइन खेचून गळ रोवा.

घरी आल्यावर ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून रीलवर गोडं पाणी हलकेच सोडा, पुसा, मग ड्रॅग सैल करा. रॉड पूर्ण वाळल्याशिवाय नळकांड्यात घालू नका. पावसाळ्यात ओल्या कापडी पिशवीने वार्निशला फोड येतात, कॉर्कला बुरशी धरते.

दुकानात येताना तुमचं रील आणा. लाइन चढवून, बाहेर फेकून बघून मगच रॉड ठरवू.