नोंदवहीत नाव एक, कामाच्या जागा तीन

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चाचण्या आणि संवादातून मानसिक आजारांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ, किती आहेत, असं विचारलं की भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीकडे बोट दाखवलं जातं. १९९२च्या कायद्याने ही नोंदणी सक्तीची केली. पण नोंदवहीत डोकी मोजली जातात, कामाचे तास नव्हे. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

अशा एका सायकॉलॉजिस्ट बाईंचा आठवडा नमुन्यादाखल घ्या. तीन दिवस सकाळी जिल्हा रुग्णालयात कंत्राटी काम, दोन दिवस महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणं आणि रोज संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक. मनुष्यबळाच्या पाहणीत ‘तुम्ही कुठे नोकरी करता?’ या प्रश्नाखाली एकाच चौकटीत खूण करायची असेल, तर या बाई कुठे खूण करणार? रुग्णालयावर केली तर सरकारी सेवेत एक माणूस पूर्णवेळ आहे असं दिसेल. प्रत्यक्षात तिथे मिळतात तीन सकाळी. म्हणून चांगल्या पाहणीत डोक्यांऐवजी पूर्णवेळाशी तुल्य तास मोजतात, म्हणजे सगळ्यांचे तास जोडून ते किती पूर्णवेळ माणसांइतके भरतात ते पाहतात.

आणि त्या तीन सकाळी कशात जातात? बहुतांशी बुद्ध्यांक चाचण्यांत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आई मुलाला घेऊन आलेली असते. टेबलावर बिने-कामत चाचणीची पेटी उघडलेली. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली ही चाचणी आजही वापरात आहे. नीट केली तर एका मुलाला तासाहून अधिक वेळ सहज लागतो. बाहेर रांग असते. नैराश्याने खचलेल्या माणसाशी आठ-दहा बैठका करायला मग वेळ उरत नाही. पाहणीत ‘रुग्णालय’ एवढंच लिहिलं, तर यातलं काहीच दिसणार नाही.

तोच प्रश्न वर्षानुवर्षं विचारत राहिलं की काय हाती लागतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या क्लिनिकल विभागातल्या सदस्यांची पाहणी १९६० पासून अधूनमधून होत आली आहे. खासगी व्यवसाय हेच मुख्य काम असलेले १९६० मध्ये साधारण १७ टक्के होते, २०१० मध्ये ४१च्या आसपास. अर्थात हे आकडे सदस्यांपुरते, आणि त्यातही उत्तर पाठवणाऱ्यांपुरते. ज्यांना कामातून मान वर करायला फुरसत नाही, ते फॉर्म भरत नाहीत. त्यामुळे सर्वांत दमलेला गटच गळण्याची भीती असते.

आपल्याकडे चणचण भयंकर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या मानसिक आरोग्य अहवालात भारतात लाखामागे ०.०७ मानसशास्त्रज्ञ, म्हणजे सुमारे चौदा लाखांमागे एक. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या पदाची तरतूद आहे. पण मंजूर पद, भरलेलं पद आणि तिथे टिकलेला माणूस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फॉर्ममध्ये तिन्ही वेगळ्या विचारायला हव्यात.

मला फॉर्म आखायला दिला, तर मी चौकटी काढून टाकीन आणि सोमवार ते शनिवार असा कोरा तक्ता देईन: कुठे, किती तास, चाचणी की उपचार, आणि रुग्णाशी कोणत्या भाषेत बोललात.