ओढ्याच्या पाण्यातला कार्बन कुठून येतो?

गगनबावड्याच्या धारेवर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचं पाणी कुंभीतून पंचगंगेला मिळतं, नृसिंहवाडीला कृष्णेत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेकडचं करूळ-भुईबावड्याच्या कड्यांवरून कोसळतं आणि पन्नासेक किलोमीटरवर विजयदुर्गच्या खाडीत पोचतं. दोन्हीकडे गाळाबरोबर आणखी काहीतरी वाहत असतं: कुजल्या पानामुळांतून सुटलेला, पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन.

गढूळ पाणी घागरीत ठेवलं की गाळ तळाशी बसतो. हा कार्बन बसत नाही. साधारण 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून जो पार होतो, त्याला प्रयोगशाळेत विरघळलेला म्हणतात. प्रमाण फार वाढलं तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं.

या तपकिरी रंगाचं कुतूहल जुनं आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झऱ्याच्या पाण्यातून असा रंग देणारी सेंद्रिय आम्लं वेगळी काढली होती. 1974 मध्ये नेदरलँड्सच्या रूक यांनी दाखवलं, की अशा पाण्यात क्लोरीन घातलं की क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगं तयार होतात. तेव्हापासून हा विषय नळाच्या पाण्यापर्यंत आला.

पण हा कार्बन येतो कुठून, याचं उत्तर जमिनीनं दिलं. 1979 मध्ये मलहॉलंड आणि कुएन्झलर यांनी नॉर्थ कॅरोलिनातले ओढे तपासले. दलदलीच्या रानातून येणारे ओढे उंचवट्यावरच्या ओढ्यांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन वाहून नेत होते. 1997 मध्ये डिलन आणि मोलॉट यांना ऑन्टारिओत हेच दिसलं: पाणलोटात दलदलीचा वाटा जितका मोठा, तितका कार्बन जास्त. कारण सरळ आहे. पाणी तुंबलेल्या मातीत प्राणवायू कमी असतो, पाचोळा अर्धवट कुजतो आणि पाणी त्यात मुरत राहतं. तीव्र उतारावर पाणी थांबतच नाही.

किनाऱ्यालगतच्या छोट्या नद्यांकडे मात्र उशिरा लक्ष गेलं. 2017 मध्ये कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॅल्व्हर्ट आणि हेकाटे बेटांवरचे आकडे आले: दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सरासरी 33 टन विरघळलेला कार्बन समुद्रात जातो. मुसळधार पाऊस, पाणथळ माती आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. जिवाणूंनी तो कार्बन वाटेतच संपवावा इतका वेळच मिळत नाही.

हे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथल्या जांभ्या मातीतली लोहाची संयुगं बराच कार्बन धरून ठेवतात आणि उतारही फार आहेत. तरी पाणथळी इथेही आहेत. मसाई पठारासारख्या सड्यांवर पावसाळ्यात डबकी साचतात. चंदगडातून उतरणारी तिलारी ज्या दोडामार्ग तालुक्यात जाते, तिथे बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे. माझ्या मते भातखाचरंही या हिशेबात धरायला हवीत. महिनोन्महिने पाणी धरणारी जमीन घाटमाथ्यावर सर्वाधिक तीच आहे.

मोजायला सुरुवात करायची तर ती मृगाच्या पहिल्या सरींपासून. उन्हाळाभर मातीत साठलेला कार्बन तेव्हा एकदम धुऊन निघतो. आणि नमुना घ्यायचा तो कोल्हापूर शहराच्या वरच्या अंगाला, कारण खाली सांडपाण्याचा कार्बन मिसळला की रानाचा कोणता आणि गटाराचा कोणता, हे वेगळं करणं फार अवघड जातं.