रेल्वे सिम्युलेशनमधील दृश्यकोन

रेल्वे सिम्युलेशनमधील, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवण्याच्या प्रतिकृतीतील, आभासी कॅमेरा समोरच्या देखाव्याचा जेवढ्या अंशांचा पट्टा पडद्यावर दाखवतो, त्या मापाला दृश्यकोन म्हणतात. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या मानाने किती मोठी दिसावी, हे कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरते. दृश्यकोन केवळ त्या देखाव्याची चौकट आखतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक गाड्या पडद्यावर खेळण्यासारख्या दिसतात.

पडद्याच्या दोन कडा पाहणाऱ्याच्या डोळ्याशी जो कोन करतात, तोच दृश्यकोन ठेवला तर चित्र यथार्थ दिसते. कर्णाने २७ इंची, १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणाचा पडदा सुमारे ६० सेंमी रुंद असतो आणि तो ६० सेंमी अंतरावरून पाहिल्यास हा कोन ५३ अंश भरतो. ओपन रेल्स या विनामूल्य सिम्युलेटरमध्ये उभा कोन मुळात ४५ अंश असतो. १६:९ पडद्यावर त्याचा आडवा कोन जवळजवळ ७३ अंश होतो. एवढ्या कोनाचे चित्र खरे दिसण्यासाठी त्याच पडद्यापासून ४१ सेंमीवर बसावे लागेल. नेहमीच्या जागी बसून पाहिले, तर ३०० मीटरवरचा सिग्नल ४४० मीटरवर असल्यासारखा लहान भासतो, कडेची झाडे मात्र ताणली जाऊन वेगाने मागे पडतात आणि गाडीचा वेग आहे त्याहून अधिक वाटतो.

गोव्यातील कुळे ते कर्नाटकातील कॅसलरॉक या घाटमार्गावर हा प्रश्न विशेष जाणवतो. तेथील चढ ३७ला १, म्हणजे अवघा दीड अंश आहे. कॅबमधील (चालकाच्या कक्षातील) कॅमेरा गाडीबरोबरच कलत असल्याने तो चढ समोर पाहून कळत नाही. त्यासाठी रुळांलगत, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, सपाट धरलेला कॅमेरा हवा. दूधसागरचा धबधबा ३१० मीटर उंच, तर एलएचबी (नव्या बनावटीचा प्रवासी) डबा साधारण २३.५ मीटर लांब आहे. पुलाजवळ कॅमेरा ठेवून कोन रुंद केला की इंजिन अक्राळविक्राळ दिसते आणि धबधबा मागे खुजा होतो. समोरच्या डोंगरावरून १५ ते २० अंशांच्या अरुंद कोनाने पाहिल्यास मात्र दोहोंचे प्रमाण राखले जाते. कोकण रेल्वेच्या मांडवी आणि जुवारी नद्यांवरील पुलांनाही हेच लागू आहे.

द्विमितीय कॅबमध्ये आतील चित्र आधीच तयार असते, म्हणून बाहेरचा कोन त्या चित्राच्या कोनाशी जुळवून घ्यावा लागतो. तो जुळला नाही तर खिडकीबाहेरचे रूळ कॅबशी फटकून वागतात. त्रिमितीय कॅबमध्ये कोन अरुंद ठेवल्यास मापकांचे फलक चौकटीबाहेर जातात. अशा वेळी कोन वाढवण्याऐवजी कॅमेरा खाली किंवा बाजूला वळवणे श्रेयस्कर, कारण प्रत्यक्ष लोको पायलटही मापक पाहण्यासाठी मान वळवतोच.